टेबल बदलून हवं

संजनाला कुणी नोकरीवरून काढलं नव्हतं. पुन्हा बोलावलं नव्हतं, एवढंच. क्रूझच्या जहाजावर असंच चालतं. आठ महिन्यांचा करार संपला की माणूस घरी येतो, दोन महिने आईच्या हातचं खातो आणि मग कंपनीचा मेल येतो: अमुक जहाज, अमुक बंदर, अमुक तारखेला हजर व्हा. संजनाचे तीन करार असेच झाले होते. चौथ्याचा मेल ऑक्टोबरात यायचा होता. दिवाळी गेली, नाताळ गेला, संक्रांत गेली. शेवटी जानेवारीत तिने अंधेरीच्या एजंटला खोदून खोदून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, तुमच्या फाइलवर हायजिनचा शेरा आहे. वेटरच्या फाइलवर तो शेरा म्हणजे संपलंच. ज्या गेस्टने तक्रार केली त्याने स्वतः लिहून मागे घेतली, तर काहीतरी होईल."

"पण तक्रार खोटी आहे."

"असेल. फाइलला काय कळतंय?"

संजनाने फोन ठेवला. ओझरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात तिची आई लताबाई भाकऱ्या थापत होती. नवरा गेल्यापासून लताबाई दर हंगामात पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षं भरायला जायच्या. सकाळी सातला टेम्पो, संध्याकाळी सातला परत. पोरगी जहाजावर लागल्यावरही त्यांनी काम सोडलं नव्हतं.

"काय म्हणाला?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," संजना म्हणाली. आठ महिने ती आईला हेच सांगत आली होती.

झालं होतं ते मागच्या मे महिन्यात.

त्या जहाजावर संजना मोठ्या डायनिंग हॉलमध्ये असिस्टंट वेटर होती. हॉलमधून जहाजाच्या स्वयंपाकघरात जायच्या दारापाशी माणसाच्या उंचीचा आरसा होता. दरवेळी बाहेर पडताना त्यात स्वतःचं हसू तपासून मगच पुढे जायचं, असा नियम. फेरी संपली की पाहुणे फोनवर फॉर्म भरायचे आणि दहापैकी गुण द्यायचे. नऊ आणि दहा म्हणजे पास. आठ म्हणजे नापास. आठ देणाऱ्याला वाटायचं आपण चांगलं लिहिलं, आणि तिकडे एखाद्या पोराची बढती बोंबलायची. संजनाचे गुण तीन वर्षांत साडेनऊच्या खाली कधी आले नव्हते. पुढच्या करारात ती वेटर होणार, हे हेडवेटर रोमेलने तिला सांगून ठेवलं होतं. रोमेल फिलिपाइन्सचा, वीस वर्षं जहाजावर काढलेला माणूस.

बार्सिलोनाहून सात दिवसांची फेरी निघाली आणि पहिल्याच संध्याकाळी तिच्या टेबलावर तिघंजण येऊन बसले. पन्नाशीचा गृहस्थ, त्याची बायको आणि डोक्यावर पदर घेतलेली त्याची आई. म्हातारीने समोरच्या ताटलीकडे बघितलं आणि म्हणाली, "ह्ये काय रं सोमनाथ? कच्चंच हाय की. मी नाय खायची."

हॉलमध्ये पाहुण्यांशी इंग्रजीतच बोलायचं, असा नियम होता. संजनाच्या छातीवरच्या पट्टीवर फक्त नाव आणि देश होता. पण ती खाली वाकून म्हणाली, "आजी, वरणभात आणू का?"

म्हातारीने तिच्याकडे असं पाहिलं की जणू समुद्रात पाय टेकायला जमीन सापडली.

सोमनाथ द्राक्षांचे निर्यातदार होते. घर नाशिकच्या गंगापूर रोडला, पॅकहाउस पिंपळगावला. बायको शुभांगी पॅकहाउसचं ऑफिस बघायच्या. म्हातारीचं नाव कुसाबाई. संजना ओझरची आहे हे कळल्यावर टेबलावर नुसता आनंदीआनंद झाला. "अगं, आमच्या रस्त्यावरचीच की तू!" शुभांगी म्हणाल्या. त्या दिवसापासून संजना त्यांना काका-काकू म्हणू लागली. स्वयंपाकघरातल्या केरळच्या कुकला मस्का लावून ती रोज आजीसाठी वेगळं वरण करून घ्यायची. तिसऱ्या दिवशी कुसाबाई म्हणाल्या, "जिभेला चवच नाय गं पोरी. तिखट काय मिळंल का?"

तेव्हा संजनाने ती चूक केली. तिच्या केबिनमध्ये आईने दिलेली काराळ्याची चटणी होती, एका बाटलीत. बाहेरचं खाणं पाहुण्याला द्यायला सक्त मनाई. तिला ते पक्कं माहीत होतं. तरी तिने रुमालात गुंडाळून बाटली आणली आणि आजीच्या ताटाशेजारी ठेवली. कुसाबाईंनी त्या दिवशी दोनदा भात घेतला. सोमनाथांनी आपलं कार्ड काढलं, मागे मोबाइल नंबर लिहिला आणि म्हणाले, "नाशिकला आलीस की घरी जेवायला यायचं. नाही म्हणायचं नाही."

पाचव्या संध्याकाळी बाटलीत बुडाशी थोडी चटणी उरली होती. कुसाबाई ती चमच्याने खरवडत म्हणाल्या, "लय ग्वाड हाताची हाय तुझी आई. कोन गं तुम्ही? आपल्यातलेच का?"

"नाही आजी," संजना म्हणाली. "आम्ही बौद्ध."

कुसाबाईंचा चमचा बाटलीतच राहिला. शुभांगी घाईने म्हणाल्या, "आई, सूप गार होतंय." सोमनाथ मेनूकार्ड वाचायला लागले. ते त्यांनी आधीच वाचलेलं होतं.

सहाव्या संध्याकाळी त्या टेबलावर एक जर्मन जोडपं बसलेलं होतं. काका-काकू आणि आजी हॉलच्या दुसऱ्या टोकाला, इंडोनेशियाच्या एका वेटरच्या टेबलावर. संजना जाता जाता "नमस्कार आजी" म्हणाली. म्हातारी खिडकीतून समुद्र बघत राहिली.

फेरी संपली आणि तिसऱ्या दिवशी तिला ऑफिसात बोलावलं. फॉर्मवर लिहिलं होतं: 'संजना नावाची वेट्रेस स्वतःच्या खोलीतलं अन्न बाटलीतून आणून वाढते. अत्यंत अस्वच्छ. वागणूक नको तितकी सलगीची. आम्हाला टेबल बदलून घ्यावं लागलं.' आणि गुण, दहापैकी दोन.

चटणी आणली हे तिने लगेच कबूल केलं. त्याबद्दल लेखी ताकीद मिळाली, तीही तिने सही करून घेतली. पण मग जहाजावरच्या नर्सने रोमेलसमोर तिची नखं बघितली. तळहातावर कापसाची काडी फिरवून नमुना घेतला. केस बघितले. उवा आहेत का, म्हणून. नमुन्यात काही सापडलं नाही, तरी उरलेले अडीच महिने तिला हॉलमध्ये पाऊल टाकू दिलं नाही. खाली भांडी धुवायच्या विभागात, वाफेत, रोज अकरा तास. तिथे हसू तपासायला आरसा नव्हता. तेवढं एक बरं होतं.

फेब्रुवारीच्या एका मंगळवारी संजना ते कार्ड घेऊन पिंपळगावला गेली. आईला सांगितलं, बँकेत जाते.

हंगाम ऐन भरात होता. पॅकहाउसच्या फाटकाबाहेर क्रेटांनी भरलेल्या टेम्पोंची रांग लागली होती. आत ऑफिसच्या काचेतून मोठा हॉल दिसत होता. डोक्याला टोप्या, हातात मोजे घातलेल्या शे-दीडशे बायका लांब टेबलांपाशी उभ्या राहून घडांतले खराब मणी खुडत होत्या, वजन करत होत्या, डब्यांत भरत होत्या. शुभांगींनी तिच्याकडे वर न बघताच विचारलं, "कामाला आलीस? मुकादमाला भेट बाहेर."

"मी संजना. जहाजावरची."

शुभांगींनी मान वर केली. ओळख पटायला क्षणभर लागला. मग चेहऱ्यावर एक हसू आलं, आणि ते मध्येच अडकलं. पलीकडच्या टेबलावर सोमनाथ फोनवर कंटेनरचं काहीतरी बोलत होते. त्यांनी फोन ठेवला.

"अरे वा," ते म्हणाले. "बस ना. चहा सांगू?"

"चहा नको. मला कंपनीला एक मेल हवाय. तुम्ही माझ्याबद्दल जे लिहिलंत ते खोटं होतं, असा."

"काय लिहिलं आम्ही?" सोमनाथांनी बायकोकडे बघितलं.

संजनाला ते शब्द पाठ होते. तिने म्हणून दाखवले. आवाज चढू द्यायचा नाही, असं तिने टेम्पोत बसल्यापासून ठरवलं होतं.

"यात खोटं काय आहे?" शुभांगी म्हणाल्या. "चटणी तू खोलीतूनच आणली होतीस ना?"

"हो. आणि तीन दिवस तुम्ही ती खाल्लीत. तुम्हीसुद्धा, मॅडम. पोळीच्या तुकड्यावर घेऊन. तेव्हा ती अस्वच्छ नव्हती?"

तिने काकू म्हटलं नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं.

"हे बघ," सोमनाथ म्हणाले, "आईचं वय झालंय. जुनी माणसं. त्या दिवसापासून ती जेवेचना. परक्या मुलखात म्हातारं माणूस उपाशी राहिलं तर आम्ही काय करायचं होतं?"

"टेबल बदलायचं होतं. बदललंत. माझी काही हरकत नव्हती."

"कारण विचारत होता ना तो!" शुभांगी एकदम बोलून गेल्या. "तो तुमचा हेडवेटर. व्हाय मॅडम, व्हाय मॅडम. एनी प्रॉब्लेम विथ संजना? त्याला काय सांगणार होते मी? त्याला ते कळलं असतं का? लाज वाटली असती सांगायला. म्हणून मग हायजिन म्हटलं. एकदा म्हटल्यावर त्याने ते लिहून घेतलं, मग फॉर्ममध्ये पण तेच लिहावं लागलं."

काचेपलीकडे वजनकाटे पीप पीप वाजत होते.

संजनाचा ठरवलेला आवाज गेला तो तेव्हा. "लाज वाटली असती?" ती म्हणाली. "खरं सांगायची लाज वाटली म्हणून मला घाणेरडी ठरवलंत? माझे केस फणीने विंचरून बघितले त्यांनी, मॅडम! ज्या माणसाच्या हाताखाली तीन वर्षं काम केलं त्याच्यासमोर! अडीच महिने मी लोकांची उष्टी काढली, कारण तुम्हाला इंग्रजीत दुसरा शब्द सुचला नाही!"

"हळू बोल," सोमनाथ म्हणाले. "बायका बघतायत."

"बघू देत. ह्या ज्या बायका तिथे उभ्या आहेत ना, त्यातल्या निम्म्या माझ्या वस्तीसारख्या वस्तीतून येतात. माझी आई अकरा हंगाम हेच करतेय, इथून चार पॅकहाउस सोडून. एकेक घड हातात घेऊन तिने भरलेली द्राक्षं लंडनला जातात, तिकडचे लोक न धुता तोंडात टाकतात. ती चालतात. तिच्या हातची चटणीसुद्धा चालली, जात कळेपर्यंत."

सोमनाथांचा चेहरा बदलला. ते खुर्चीतून उठले, केबिनचं दार लावलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "ॲट्रॉसिटी टाकायचा विचार आहे का? तसं असेल तर सरळ सांग. वकील आहेत आपल्याकडे."

"मी एक मेल मागायला आलेय. तुम्ही लगेच वकिलावर गेलात."

"नाही, तसं नाही. तू चिडू नकोस. नोकरीचंच आहे ना? मग इथे ये. सुपरवायझर म्हणून घेतो तुला. इंग्रजी चांगलं आहे तुझं, परदेशी पाहुणे आले की तूच बघायचं."

"मला तुमची नोकरी नको. माझी हवी. साहेब, तुमच्या एखाद्या कंटेनरवर तिकडच्या माणसाने उगाचच लिहिलं की माल घाण आहे, तर तुम्ही काय कराल? त्याने दुसरा माल देऊ केला तर गप्प बसाल?"

मागच्याच वर्षी सोमनाथांचा एक कंटेनर असाच अडकला होता आणि तीन आठवडे त्यांना झोप नव्हती, हे संजनाला माहीत असायचं कारण नव्हतं. पण शुभांगींनी नवऱ्याकडे बघितलं, आणि मुकाट्याने लॅपटॉप पुढे ओढला.

त्यांनी चार ओळी लिहिल्या. 'कर्मचारी संजना हिच्याबाबत आमच्याकडून काही गैरसमज झाला होता. आमची तिच्याविषयी कोणतीही तक्रार नाही. कृपया आधीचा अभिप्राय विचारात घेऊ नये.' मेल गेला, त्याची एक प्रत संजनाच्या फोनवर आली.

"झालं?" शुभांगींनी विचारलं. त्यांचे डोळे भरले होते, की रागावले होते, ते संजनाला कळलं नाही. तिने ते कळून घेण्याचा प्रयत्नही केला नाही.

परतीच्या रिक्षात तिने तो मेल सहा वेळा वाचला. हवं ते मिळालं होतं. तरी ओझरच्या फाट्यावर उतरेपर्यंत तिचा राग दुप्पट झाला होता, आणि आता त्यातला निम्मा स्वतःवर होता.

घरी लताबाई दारातच उभ्या होत्या. त्या दिवशी लाइट गेल्यामुळे त्यांच्या पॅकहाउसची सुट्टी लवकर झाली होती, आणि ऑफिसात आरडाओरडा करणाऱ्या पोरीची बातमी टेम्पोतल्या बायकांबरोबर संजनाच्या आधी घरी पोचली होती.

"कुठली बँक पिंपळगावला?" त्यांनी विचारलं. "मला त्याच पट्ट्यात काम करायचंय, माहितीये ना तुला? सगळे मुकादम एकमेकांचे सोयरे. काय करून आलीस?"

मग संजनाने सगळं सांगितलं. नखं, केस, भांडी, सगळं. लताबाई जमिनीवर बसून ऐकत होत्या. संजना चटणीपाशी आली तेव्हा त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

"माझी चटणी?"

"हो."

"माझ्या चटणीला घाण म्हटलं?"

"हो, आई."

लताबाईंनी तिच्या फोनकडे बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "आता काय लिहून दिलंय ते वाच. मराठीत सांग."

संजनाने सांगितलं. 'गैरसमज' हा शब्द आला आणि लताबाई उठून उभ्या राहिल्या.

"कसला गैरसमज? त्यांनी विचारलं, तू सांगितलंस, त्यांना नीट समजलं. ह्यात चुकीचं कुणाला समजलं? आणि तू हे घेऊन आलीस?"

"मला नोकरी पाहिजे, आई."

"नोकरी घे. पण हे पत्र असंच गेलं तर त्यांच्यालेखी तू कोण? मोठ्या मनाने माफ केलेली घाणेरडी पोरगी. तू लिही. काय झालं ते लिही, तुझ्या नावाने. चटणी दिली तेही लिही, ते चुकलंच तुझं. बाकीचंही लिही."

"त्यांना कळणार नाही. तिकडच्या लोकांना."

"मग कळेल असं लिही. एवढं शिकवलं ते कशाला?"

मेल लिहायला संजनाला तीन दिवस लागले. पहिला खर्डा नुसत्या शिव्यांचा झाला, दुसऱ्यात नुसती विनवणी. तिसऱ्यात तिने साधंच लिहिलं. कोणत्या तारखेला काय विचारलं गेलं, तिने काय उत्तर दिलं, दुसऱ्या दिवशी काय झालं, आणि फेब्रुवारीत पाहुण्यांनी स्वतःच्या तोंडाने कोणतं कारण सांगितलं. जात म्हणजे काय ते तिने पाच वाक्यांत लिहिलं.

आठवड्याने व्हिडिओ कॉल आला. कंपनीची स्कॉटलंडची एक बाई होती, चष्मा लावलेली, कोरड्या आवाजाची. "त्यांनी तुम्ही कोण ते विचारलं, यात वावगं काय?" इथून तिने सुरुवात केली. संजनाने सांगितलं. बाईने पुन्हा विचारलं, संजनाने पुन्हा सांगितलं. पाऊण तासाने बाई लिहायची थांबली. "म्हणजे तुम्ही त्यांच्या ताटाला हात लावला, हीच तक्रार होती?" ती म्हणाली.

"हो. तेवढीच."

"असा कॉलम आमच्या फॉर्मवर नाही," बाई म्हणाली. ती चेष्टा करत नव्हती. संजनाला मात्र ते ऐकून हातातला फोन भिंतीवर मारावासा वाटला.

मार्चच्या अखेरीस उत्तर आलं. हायजिनचा शेरा काढून टाकला होता. बाटलीबद्दलची ताकीद कायम. जहाज दुसरं, बंदर अथेन्स, हजर व्हायची तारीख चौदा मे. पद असिस्टंट वेटरचंच. वेटरची बढती गेली ती गेलीच, त्याबद्दल मेलमध्ये एक अक्षर नव्हतं. भांड्यांच्या अडीच महिन्यांबद्दलही नाही. 'आपल्या सहकार्याबद्दल आभार' एवढं होतं. लताबाईंनाही त्या हंगामात पिंपळगावच्या पट्ट्यात पुन्हा बोलावणं आलं नाही. शेवटचे वीस दिवस त्या दिंडोरीकडे जात राहिल्या, दीड तास जायला आणि दीड तास यायला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सोमनाथांचा फोन आला. संजना मेडिकलसाठी कागद लावत बसली होती.

"हे काय चालवलंयस?" ते ओरडलेच. "तुला पाहिजे ते पत्र दिलं होतं ना आम्ही? मग कंपनीला काय काय कळवलंस? त्यांनी आम्हाला लेखी खुलासा मागितलाय. नाही दिला तर पुढचं बुकिंग घेणार नाहीत म्हणे. जूनमध्ये अख्खा ग्रुप जातोय आमचा, अठरा माणसं! लोकांना काय सांगू मी?"

"जे झालं ते सांगा."

"आम्ही तुला घरच्यासारखं वागवलं, संजना."

"पाच दिवस," ती म्हणाली. "सहाव्या दिवशीचं लिहा खुलाशात. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते कसं लिहायचं ते. मला आता चांगलं येतं."

तिकडून फोन आदळला.

आतून लताबाई आल्या. "कोण होतं गं?"

"गेस्ट."

"काय म्हणत होता?"

"सर्व्हिस चांगली नाही म्हणत होता."

लताबाई हसल्या नाहीत. त्यांनी पदराला हात पुसले आणि मुलीच्या शेजारी बसल्या.

"पुन्हा फोन आला ना," त्या म्हणाल्या, "तर मला दे."